सेट डेकोरेटरला मराठीत काय म्हणायचं?

अवंती : दिवाळी अंकासाठी 'गांधी'वर लेख लिहितेय. १९८३ साली या चित्रपटाला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं ते तिघांना : स्टुअर्ट क्रेग, बॉब लेंग आणि सेट डेकोरेशनसाठी, म्हणजे सेटवर सामानसुमान लावण्यासाठी, मायकेल सिअर्टन. सिअर्टनपुढे मी 'नेपथ्यसजावट' लिहिलं. मुद्रितशोधकांनी ते खोडून 'गृहसजावट' केलं. मला ते अजिबात पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

रघू कुलकर्णी : गृहसजावट म्हटलं की पडदे आणि उशांचे अभ्रे डोळ्यांपुढे येतात. पण एक सांगतो, १९४६च्या चित्रपटांपर्यंत ऑस्करच्या यादीत या लोकांच्या नावापुढे 'इंटिरिअर डेकोरेशन' असंच असे. तुमच्या मुद्रितशोधकांना सरसकट चूक म्हणू नका.

शास्त्रीबुवा : 'नेपथ्य' तर मुळीच नको. संस्कृतात नेपथ्य म्हणजे वेष, किंवा नट जिथे वेष चढवतात ती पडद्यामागची जागा. 'गांधी'त नेपथ्याचं ऑस्कर कुणाचं म्हणाल, तर वेशभूषेसाठी ते मिळवणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांचं!

माधवी : बुवा, मराठी नाटकाच्या जाहिरातीत 'नेपथ्य' आणि 'वेशभूषा' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. प्रेक्षकाला कुठलीच अडचण येत नाही. शब्दाचा अर्थ सरकला, आता तोच त्याचा अर्थ.

शास्त्रीबुवा : सरकला की आपण सरकू दिला? नाट्यशास्त्रात नेपथ्याचे चार प्रकार आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना, संजीव. चटया, कापड, चामडं वापरून डोंगर, रथ, विमानं करायची ते पुस्त. सेटला इतका नेमका शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

रघू कुलकर्णी : हाच 'पुस्त' 'पुस्तक' या शब्दात आहे का? मला वाटतं लेप देणं, माती थापणं असं काही मुळाशी असावं.

माधवी : 'पुस्तकार' छापलंत तर लोक प्रकाशक समजतील.

दिगंबर, कोल्हापूर : आमचे आजोबा इथल्या स्टुडिओत सामान लावायचे. त्यांना सगळे 'प्रॉपर्टीवाले' म्हणत. नवाकोरा तांब्या आला की त्याला ओली राख फासून दोन दिवस ठेवत. मग हाताची बोटं जिथे लागतात तेवढाच भाग फडक्यानं पुसून चकचकीत करत. पडद्यावर तो तांब्या त्या घरातल्या बाईच्या रोजच्या हातातला वाटे. हे काम भिंती उभारण्याचं नाही, याला 'नेपथ्य' म्हणू नका. 'सजावट'सुद्धा नको, सजावट गणपतीपुढची. राज्य चित्रपट पुरस्कारांत कलादिग्दर्शनाचं पारितोषिक 'प्रभात'चे कलादिग्दर्शक साहेबमामा फत्तेलाल यांच्या नावाचं आहे, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण सामान लावणाऱ्याला तिथे वेगळी ओळ नाही. ओळच नाही, तर शब्द कुठून रुजणार?

माधवी : आणि ऑस्करनं २०१२च्या चित्रपटांपासून कलादिग्दर्शन विभागाचं नावच 'प्रॉडक्शन डिझाइन' केलं. त्याला काय म्हणायचं?

रघू कुलकर्णी : 'निर्मिती संकल्पना' वाचलंय कुठेतरी. निर्मात्याचं काम वाटतं ते.

शास्त्रीबुवा : 'दृश्यरचना' म्हणा.

माधवी : मग छायालेखक काय करतो?

अवंती : दिगंबरदादा, आजोबांच्या कामाला त्यांचा स्वतःचा काही शब्द होता का?

दिगंबर, कोल्हापूर : 'घर लावणं' म्हणायचे. "आज वाड्याचं घर लावायचंय," असं सांगून सकाळी निघायचे.

शास्त्रीबुवा : रघू, पुस्त आणि पुस्तकाबद्दल उद्या कोश बघून सविस्तर लिहितो.