मदत हवी आहे : गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर नेमके कुठे लावावेत?

आई-बाबा साताऱ्याला असतात. ओट्याखाली एलपीजी सिलिंडर, शिवाय बाथरूममध्ये गॅस गिझर. थंडीत बाबा झरोकाही लावून घेतात. परवा अंघोळ करून आले तेव्हा डोकं दुखत होतं, गरगरत होतं. ते म्हणतात पित्त. मला गिझरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचीच शंका येते. ऑक्सिमीटरवर ९८ आलं म्हणून ते निर्धास्त आहेत. पुण्यात आमच्याकडे पाइप गॅस आहे. दोन्ही घरांसाठी डिटेक्टर घ्यायचेत. दुकानदार म्हणतो, एकच प्रकार घ्या, छताजवळ लावा, सगळं पकडतो. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद १
नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली की जमिनीलगत साचतो. साताऱ्याचा डिटेक्टर सिलिंडरच्या बाजूला, फरशीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हलका. पुण्यात छताखाली फूटभराच्या आत लावा. शेगडीच्या थेट वर किंवा खिडकीच्या झोतात नको.

प्रतिसाद २
डिटेक्टरचं नंतर बघू. आधी आजच बाबांना फोन करून गिझर बंद करायला सांगा आणि डॉक्टरांना गिझरचं आवर्जून सांगा. ऑक्सिमीटरवर अजिबात विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला तरी ते यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं, आकडा छान दिसतो. या वायूला वासही नसतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, म्हणून गळती कळते; हा कळत नाही.

गॅस गळतीचा साधा डिटेक्टर कार्बन मोनॉक्साइड पकडेलच असं नाही, त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. हा वायू हवेत सगळीकडे मिसळतो, त्यामुळे जमीन-छताचा प्रश्न येत नाही. त्याचा डिटेक्टर झोपायच्या खोलीबाहेर, आवाजाने जाग येईल असा लावा. उंची कंपनीच्या पत्रकाप्रमाणे. बाथरूमच्या आत वाफेने सेन्सर खराब होतो. आणि सेन्सरला आयुष्य असतं, मुदतीची तारीख बघून घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. गिझर बंद करायला लावला, संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतोय. बाथरूमबाहेर गॅलरीत गिझर हलवला तर चालेल का?

प्रतिसाद २
उघडी गॅलरी असेल तर उत्तम. काचा लावून बंद केलेली असेल तर नको, धूर तिथेच कोंडून घरात येईल. तोवर पाणी विजेवर तापवा. आणि कधी गॅसचा वास आला तर बटणं चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन करा. हा नंबर आईंच्या फोनमध्ये आजच टाकून द्या.