तंजावर एका दिवसात: वेळ आणि मराठी शिलालेखाबद्दल

एकाने त्रिचीहून (तिरुचिरापल्ली) एका दिवसात तंजावर करायचा बेत मांडलाय. त्यात अकराला तंजावरला पोचून दुपारभर बृहदीश्वराचं देऊळ बघायचं ठरलंय. तिथेच घोळ होईल. गाभारा साधारण साडेबाराला बंद होतो, तो उघडतो चारला. शिवाय आवार सगळं दगडी फरसाचं आणि चपला बाहेर. उन्हाळ्यात दुपारी पाय टेकवत नाही. पायमोजे पिशवीत असू द्या.

त्रिचीहून अंतर साधारण ५५-६० किलोमीटर आहे, तेव्हा सहाला निघा. देऊळ पूर्वाभिमुख असल्याने सकाळी समोरून उजेड मिळतो. मधल्या वेळेत राजवाडा आणि सरस्वती महाल (जुन्या हस्तलिखितांचं ग्रंथालय) उरकून पाचच्या सुमारास देवळात परत या, तेव्हा विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं उंच शिखर, सोनेरी दिसतं.

मराठी शिलालेख कुठे, असं विचारलंय. बृहदीश्वराच्या आवाराच्या नैर्ऋत्य बाजूला, गणपतीच्या देवळाजवळच्या भिंतीवर. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला हा भोसल्यांचा इतिहास आहे. बरेच जण नंदी बघून तिथूनच मागे फिरतात, म्हणून चुकतो. कोरीव अक्षरांवर समोरून टॉर्च मारला तर सपाट दिसतात. भिंतीला लागून, बाजूने तिरपा धरा, रेघा उठून येतात. भाषा जुन्या दप्तरी वळणाची, सावकाश वाचावी लागते.

आणि हो, शिखराची सावली जमिनीवर पडत नाही हे गाइड सांगतातच. पडते! दुपार कलल्यावर स्वतः बघा.

दारासुरमचं जुनं देऊळ जोडायचं असेल तर ते कुंभकोणमला लागून, सुमारे ४० किलोमीटर. त्याच दिवशी कोंबू नका.