मदत हवी आहे: उन्हाळ्यात ब्रीदिंग एअरला वास, फिल्टर लवकर संपतो, शिवाय नायट्रॉक्स ३२ भरायचं आहे

हतनूर_बॅकवॉटर

राम राम मंडळी. भुसावळ भागात जॅकवेलच्या (धरण-नदीतून पाणी उचलायच्या विहिरीच्या) जाळ्या आणि गेट यांच्या पाहणीसाठी डायव्हिंगचं काम असतं. कॉम्प्रेसर तीन स्टेजचा, मिनिटाला १०० लिटरचा, मोटरवर चालणारा; लाइट गेली की डिझेल जनरेटरवर. जागा पत्र्याची शेड, शेजारी जिनिंग. बाटल्या स्टीलच्या, १२ लिटर, २०० बार. फिल्टर टॉवर एकच. कार्ट्रिजमध्ये साधारण २५० ग्रॅम मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) आणि त्यावर ॲक्टिव्हेटेड कार्बन. हॉपकलाइट (कार्बन मोनॉक्साइड काढणारं रसायन) नाही.

थंडीत कार्ट्रिज मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांइतकं चालतं. एप्रिल-मेमध्ये एक तृतीयांश तासांतच हवेला तेलकट, किंचित जळका वास येतो. इथली मे महिन्यातली हवा तर ठणठणीत कोरडी असते, मग सीव्ह ओला होतो कसा? विक्रेता फक्त 'तेल बदला' म्हणतो.

दुसरं, नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण) हवं आहे. ऑक्सिजनचा जम्बो (मोठा सिलिंडर) एमआयडीसीतून मिळतो. आधी ऑक्सिजन सोडून वरून याच कॉम्प्रेसरची हवा भरली तर चालेल का?

दाबमापक

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता तरी 'नाही' असंच आहे. ते नंतर. आधी वासाचं बघू.

बाहेरच्या हवेतली आर्द्रता फिल्टरचं आयुष्य ठरवत नाही, टॉवरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान ठरवतं. मे महिन्यात ४४ अंशांना १५ टक्के आर्द्रता धरली तरी एका घनमीटरमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. तीच हवा २०० बारला दाबली आणि सेपरेटरमधून (पाणी-तेल वेगळं करणाऱ्या भागातून) ५५ अंशांना बाहेर आली, तर मूळच्या प्रत्येक घनमीटरमागे तिच्यात जेमतेम अर्धा ग्रॅम वाफ मावते. बाकीचं पाणी ड्रेनमधून जातं, पण टॉवरमध्ये शिरणारी हवा पूर्ण संपृक्तच असते. बाहेर वैशाख असो की श्रावण, टॉवरला फरक पडत नाही. ड्रेनमधून किती पाणी निघतं तेवढंच बदलतं.

आता तुमच्या २५० ग्रॅमचा हिशेब. सीव्ह स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरतो, म्हणजे ५० ग्रॅम. हिवाळ्यात हवा ३० अंशांना टॉवरमध्ये शिरत असेल तर घनमीटरमागे ०.१५ ग्रॅम, म्हणजे सव्वातीनशे घनमीटर. मे महिन्यात ५५ अंशांना ०.५२ ग्रॅम, म्हणजे ९६ घनमीटर. तुमची एक बाटली २.४ घनमीटरची. १३५ बाटल्यांवरून थेट ४० वर येता. हा कागदावरचा आकडा आहे; इतक्या दाबाला हवा याहून जास्त वाफ धरते आणि गरम सीव्ह कमी पाणी धरतो, म्हणून निम्माच धरा. उन्हाळ्यात २० बाटल्यांनंतर कार्ट्रिज बदललं तर ती उधळपट्टी नाही.

वास येण्याचं कारणही इथेच. सीव्ह भरला की पाणी कार्बनवर जातं आणि कार्बनने धरून ठेवलेली तेलाची वाफ सुटायला लागते. त्यात गरम कार्बन मुळातच कमी धरतो.

गिरणाकाठ

वरचं सगळं पटलं, फक्त 'जळका' हा शब्द सोडून देऊ नका. नुसता तेलकट वास असेल तर कार्बन. जळका असेल तर डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, तेल भाजतंय. इंटेक फिल्टर उघडून बघा. जिनिंगच्या शेजारी रुईचे तंतू पेपर फिल्टरवर असे बसतात की वरून राखाडी नमदा तयार होतो. हाताने सोलला तर सलग निघतो. कॉम्प्रेसर ओढून हवा घेतो, डिस्चार्जचं तापमान चढतं, रिंगांवरून तेलही जास्त वर येतं.

मग स्टेजचे गेज असतील तर बघा. दुसऱ्या स्टेजचा दाब नेहमीपेक्षा वर चढला असेल तर तिसऱ्या स्टेजचा सक्शन व्हॉल्व्ह गळतोय असं समजा. तीच गरम हवा मागेपुढे दाबली जाते आणि तेल करपतं. करपलेल्या तेलातून कार्बन मोनॉक्साइड (CO) तयार होतो. तुमच्या टॉवरमधला कार्बन तो अडवत नाही, सीव्हही नाही. त्यासाठी हॉपकलाइटच लागतो, आणि तोसुद्धा सीव्हनंतर, कारण ओला झाला की तो मेला.

आणि जनरेटर! धुराडं इंटेकच्या वाऱ्याच्या बाजूला असेल तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही. इंटेकचा पाइप शेडच्या बाहेर, जमिनीपासून उंच आणि धुरापासून लांब न्या. कापणीनंतर शेत पेटवलेलं असेल त्या दिवशी भरूच नका.

हतनूर_बॅकवॉटर

गेज बघितला. दुसऱ्या स्टेजचा दाब खरंच चढलेला दिसतोय, व्हॉल्व्ह उघडतो. इंटेकवरचा नमदाही निघाला. CO तपासायला घरगुती अलार्म चालेल का? आणि शेडमध्ये कूलर लावू का? त्याने ओलावा वाढेल ना?

दाबमापक

घरगुती अलार्म नको. त्यातले बरेचसे ३० पीपीएमच्या (दहा लाखांत ३० भाग) खाली काही दाखवत नाहीत. श्वसनाच्या हवेसाठी युरोपच्या ईएन १२०२१ मानकात मर्यादा ५ पीपीएम आहे, अमेरिकेच्या ग्रेड ई मध्ये १०. पृष्ठभागावर किरकोळ वाटणारे १० पीपीएम ३० मीटरवर ४० पीपीएमसारखे लागतात. एक-एक पीपीएम दाखवणारा इलेक्ट्रोकेमिकल मीटर घ्या, तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, बाटलीचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून पिशवीत हवा सोडा आणि आकडा स्थिर होऊ द्या. नाकावर भिस्त ठेवू नका, CO ला वासच नसतो.

कूलर बिनधास्त लावा. वर लिहिलं तेच कारण: ओलावा ड्रेनमधून जाईल, थंडावा टॉवरला मिळेल. झोत सिलिंडर हेड आणि कूलिंग कॉइलवर द्या, इंटेकवर तुषार उडू देऊ नका. मात्र ड्रेन १५ मिनिटांऐवजी दर पाच-सात मिनिटांनी उघडा. पावसाळ्यातही हाच नेम. ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रता असली तर तुमचा कॉम्प्रेसर तासाला दीडशे ग्रॅम पाणी ओढतो. शक्य असेल तर भरणं पहाटे उरका.

अजून एक: टॉवरनंतरचा प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे टॉवरमधला दाब धरून ठेवणारा. रिकामी बाटली लावल्यावर शेवटच्या स्टेजचा गेज लगेच १२० ते १५० बारवर जायला हवा. बाटलीच्याच दाबाबरोबर हळूहळू चढत असेल तर तो व्हॉल्व्ह काम करत नाहीये. मग सुरुवातीला ५० बारला हवेत चौपट पाणी टॉवरवर जातं.

निळी_बाटली

आता नायट्रॉक्स. १२ मीटरपर्यंतचंच काम असेल तर त्याचा फायदा जवळजवळ शून्य, साध्या हवेवरच तक्ता दोन तासांच्या पुढे जातो. १८ मीटरला मात्र फरक पडतो: पाडी या डायव्हिंग संस्थेच्या तक्त्यात हवेवर ५६ मिनिटं, ३२ टक्क्यांवर ९५. तुमचं पाणी किती खोल ते बघून ठरवा. गढूळ पाण्यात अडकण्याचा धोका नायट्रॉक्सने कमी होत नाही.

करायचंच असेल तर गणित सोपं आहे. हव्या असलेल्या टक्क्यातून २१ वजा करा, ७९ ने भागा, अंतिम दाबाने गुणा. २०० बार, ३२ टक्के: २८ बार ऑक्सिजन रिकाम्या बाटलीत, मग २०० पर्यंत हवा. बाटलीत आधीचं ३२ टक्क्यांचंच ५० बार उरलं असेल तर फक्त नव्या १५० बारचा हिशेब, म्हणजे २१ बार. जम्बो कुठून भरला ते विचारा. लिक्विडमधून भरलेला असेल तर ९९.५ टक्के. हॉस्पिटलच्या पीएसए (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या) प्लांटचा असेल तर ९३ च्या आसपास, मग ७९ च्या जागी ७२ ने भागा, म्हणजे साडेतीस बार. दीडशे बारच्या एका जम्बोतून, २८ बारच्या वर दाब आहे तोवर, सतराएक बाटल्या निघतात.

पण २८ बार शुद्ध ऑक्सिजन ज्या बाटलीत जातो तिथे तेलाचा अंश चालत नाही. वरून भरायच्या हवेतही तेल घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवं. ग्रेड ई ची ५ मिलिग्रॅमची हवा त्यासाठी बाद. तुमच्या आजच्या टॉवरने हे होणार नाही. दुसरा टॉवर लागेल, आणि बाटल्या वेगळ्या ठेवाव्या लागतील, ज्यांत साधी हवा कधीच जाणार नाही. व्हॉल्व्ह पूर्ण खोलून डिटर्जंटने धुवा, रॉकेल-पेट्रोल अजिबात नको. ओ-रिंग व्हायटॉनच्या, ग्रीस क्रायटॉक्ससारखं. सिलिकॉन ग्रीस नको. व्हिपवर (भरायच्या नळीवर) बॉल व्हॉल्व्ह असेल तर काढून नीडल व्हॉल्व्ह बसवा, कारण झटक्यात उघडला की पुढची हवा एकदम दाबली जाऊन तापते आणि आग तिथूनच पेटते. ऑक्सिजन मिनिटाला ५ बारपेक्षा हळू सोडा. आणि भरण्याचा परवाना पेसोकडून (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) लागतो, हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) तारीख उलटलेली बाटली लावू नका.

इंटेकमध्ये ऑक्सिजन मिसळून कॉम्प्रेसरनेच दाबायचा मार्ग काही जण सुचवतील. ४५ अंशांच्या शेडमध्ये, व्हॉल्व्ह गळणाऱ्या कॉम्प्रेसरवर तो विचारही नको.

हतनूर_बॅकवॉटर

म्हणजे आधी व्हॉल्व्ह, इंटेक आणि हॉपकलाइटचं कार्ट्रिज, नायट्रॉक्स नंतर. ऑक्सिजन मोजायचा ॲनालायझर शेडमधल्या हवेवर २०.९ ला सेट केला तर चालतो का?

गिरणाकाठ

पावसाळ्यात चालत नाही. ३० अंशांना दमट हवेत वाफेमुळे ऑक्सिजन प्रत्यक्षात २० टक्क्यांच्या जवळ असतो. तिथे तुम्ही २०.९ लावलं की कोरडं ३२ टक्के मिश्रण ३३ च्या वर दाखवेल. साध्या हवेच्या बाटलीतली कोरडी हवा मिनिटाला एक-दोन लिटरने सेन्सरवर सोडून सेट करा, नायट्रॉक्सही त्याच फ्लोने मोजा. भरल्यावर बाटली थंड होऊ द्या, मग मोजा, आणि टक्केवारी, ३२ ला ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बार धरून येणारी ३३ मीटरची मर्यादा व तारीख टेपवर लिहून बाटलीवर लावा. ॲनालायझरचा सेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने लवकर मरतो.