'ऊस डोंगा परी' : डोंगा म्हणजे होडी का?

नवा टाळकरी
चोखोबांचा 'ऊस डोंगा' एकादशीच्या भजनात घ्यायचाय, आधी पाच मिनिटं अर्थही सांगायचाय. डोंगा म्हणजे होडी ना? मग उसाचा काय संबंध? शिवाय 'कमान डोंगी परी'ला ताल सुटतो. आणि हा अभंग कर्मकांडाविरुद्ध आहे असं सांगितलं तर चालेल?

शब्दवेडा
होडी नाही, वाकडा. खूण अभंगातच आहे: ऊस डोंगा, कमान डोंगी, जल डोंगें. नामाबरोबर रूप बदलतंय, म्हणजे विशेषण. होडीचा डोंगा असता तर जागचा हलला नसता.

पखवाजी
अक्षरं मोजा. ऊस डोंगा परी / रस नोहे डोंगा / काय भुललासी / वरलिया रंगा, चारही चरण सहाचे. (काही पाठांत 'नव्हे' आहे, मोजणी तीच.) 'सुंदर ते ध्यान'मध्ये शेवटचा चरण चारचा. त्या सवयीने इथे शेवट आखडला की 'रंगा' भलत्याच जागी पडतो. 'कमान डोंगी परी' मात्र सात अक्षरांचा. 'न'चा पाय मोडा, 'कमान्' म्हणा, बसतं.

आडवाट
'कर्मकांडाविरुद्ध' असं सरसकट नका सांगू. चोखोबा मंगळवेढ्याचे महार. विठ्ठलाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता, समाधी महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच. ते देऊळ दलितांना उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. जो विधी करूच दिला जात नाही तो फोल म्हणण्यात काय अर्थ? इथला 'वरलिया रंग' म्हणजे लोक चोखोबांकडे बघून जे ठरवतात ते. म्हणून शेवटी उदाहरण ऊस-नदीचं न राहता स्वतःचं येतं: 'चोखा डोंगा परी भाव नव्हे डोंगा'. पाच मिनिटांतली तीन या ओळीला द्या.

विधीवरच बोलायचं असेल तर तुकोबा घ्या: 'काय काशी करिती गंगा । भीतरिं चांगा नाहीं तो'. पुढे टिळे-माळांचाही समाचार आहे.

नवा टाळकरी
त्यातलं 'अधणीं कुचर' कळलं नाही.

आडवाट
कुचर म्हणजे डाळी-कडधान्यातला न शिजणारा दाणा. त्याची साल पाणी आत घेत नाही, म्हणून आधणात बाकीचे दाणे मऊ होतात आणि हा बाहेर होता तसाच टणक राहतो. गंगेत बुडी मारून आलेला माणूस तुकोबांना तसा दिसतो.