मदत हवी आहे: मुलांच्या हृदयासाठी घरात नक्की काय बदलू?

चिमणी७: गेल्या महिन्यात नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली. आता मुलांची धास्ती बसलीये. घरात काय बदलू? 'बाहेरचं खाणं बंद करा' सोडून सांगा, ते झालंय. जरा लवकर प्लीज.

निवांत: मुलं केवढी? नवऱ्याचं वय? घरात सिगारेट?

धावपटू: वय काही का असेना, पळवा! लेकीला मी रोज पहाटे पाचला मैदानावर नेतो. बाकी सगळं आपोआप होतं.

मीठकमी: पाचला? शाळकरी मुलांना नऊ तास तरी झोप हवी. आणि पळणंच कशाला? सायकल, पकडापकडी, धाप लागेल असं काहीही, दिवसभरात मिळून ६० मिनिटं. चिमणीताई, जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबी आणि सॉसची बाटली आधी उचला. मुलांचं वेगळं पथ्य नको, सगळ्यांचं जेवण एकच.

धावपटू: आमची साडेसातला झोपते हो!

टिकटिक: मुलांसाठी ठोके मोजणारं घड्याळ कुणी घेतलंय का?

चिमणी७: मुलगा ९, मुलगी ४. दोघं बारीकच आहेत. नवरा ४१. सासऱ्यांनाही चाळिशीतच ॲटॅक आला होता. सिगारेट नवरा ओढतो, पण गॅलरीत.

निवांत: अहो, हे आधी सांगायचं ना! बाप-लेक दोघांना चाळिशीत म्हणजे प्रश्न नुसत्या सवयींचा नसेल. नवऱ्याचं औषधं सुरू होण्याआधीचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बघा. १९०च्या वर असेल तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलची शंका घ्यायची. तसं निघालं, तर प्रत्येक मुलात ते उतरायची शक्यता निम्मी. बारीक असण्याशी संबंध नाही. आणि गॅलरीतला धूर कपड्यांवरून घरात येतोच.

धावपटू: रक्त तपासायला एवढ्याशा पोराला सुया टोचायच्या? उगाच घाबरवताय.

निवांत: अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ९ ते ११ वयात सरसकट एकदा कोलेस्टेरॉल तपासा म्हणतात. इथे तर घरातच इतिहास आहे.

मीठकमी: बीपीही बघून घ्या, पण दंडाला बांधायचा पट्टा लहान मुलांचा हवा. मोठ्यांचा लावला तर आकडा कमी येतो.

चिमणी७: फाइल सापडली. एलडीएल २१४. मुलाला उपाशीपोटी न्यायचं का?

निवांत: पहिल्या तपासणीला खाल्लेलं असलं तरी चालतं. फाइल घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, मुलीचंही तिथेच विचारा. जास्त निघालं तर औषध कधी, ते तेच ठरवतील. खेळ आणि जेवणातले बदल तरीही लागतीलच.

टिकटिक: घड्याळाचं कुणी सांगेल का?