अबुधाबीची दोन वर्षांची नोकरी स्वीकारावी का? पावसची बाग आणि आई-वडील मागे राहणार आहेत

प्रश्न : पावसची कलमबाग

नमस्कार. मी मूळचा पावसचा असून लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात आठ वर्षांपासून इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून काम करतो. वय 36, शिक्षण डिप्लोमा. आठवडाभर लोट्याला खोली करून राहतो आणि शनिवारी एस.टी.ने घरी जातो. घरी आई-वडील, पत्नी आणि पाचवीतली मुलगी आहे. वडिलांची हापूसची साठ कलमे आहेत, सातबाऱ्यावर वडिलांसह दोन्ही काकांची नावे आहेत. पत्नी उन्हाळ्यात आंबापोळी आणि कोकम आगळ करून विकते.

अबुधाबीतील एका कंपनीकडून मला दोन वर्षांच्या करारावर बोलावणे आले आहे. एकूण पगार 5,500 दिरहॅम असून त्यात बेसिक 2,500 आहे. राहण्याची सोय कंपनीची, मात्र ती चार जणांच्या खोलीत. सध्याच्या पगाराच्या दुपटीहून हे थोडे अधिक होते. शेजारची एक एकर बाग विकाऊ आहे, ती घ्यावी हा जाण्यामागचा मुख्य हेतू. वडील 71 वर्षांचे असून गेल्या हंगामात त्यांना झाडावर चढणे जमले नाही. एजंट आठ दिवसांत उत्तर मागतो आहे. जाणत्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : दापोलीचा, आखातात चौदा वर्षे

आमच्या दापोली-खेड भागातून माणसे आखातात जाऊ लागली ती 1973 नंतर, तेलाचे भाव चढले तेव्हापासून. त्यामुळे जाणे वाईट असे मी म्हणणार नाही. माझे घर, बहिणीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण त्याच पैशावर झाले आहे. परंतु तुमच्या पत्रातल्या बेसिकच्या आकड्यापाशी मी थांबलो आणि तुम्हीही थांबावे असे मला वाटते.

अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी एकूण पगारावर नव्हे, तर बेसिकवर मोजली जाते. एक वर्ष पूर्ण झाल्यावर तिचा हक्क लागू होतो आणि पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे बेसिक धरले जाते. 2,500 ला तीसने भागून 21 ने गुणल्यास वर्षाचे 1,750, म्हणजे दोन वर्षांचे 3,500 दिरहॅम होतात. बेसिक 4,000 असते तर हाच आकडा 5,600 झाला असता. एकूण पगार तोच ठेवून बेसिक वाढवून मागणे यात काहीही गैर नाही, आणि ते निघण्यापूर्वीच मागावे लागते, कारण तिथे पोचल्यावर ती बोलणी कोणी काढत नाही.

दुसरे एजंटाविषयी. तो केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारक म्हणून दिसतो का, हे आजच पाहावे. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराच्या पगारातून कापायचा नसतो. तुम्ही दहावीच्या पुढे शिकलेले असल्याने तुम्हाला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, लागणार नाही, मात्र त्यामुळे कोणी तुमची कागदपत्रे तपासतही नाही, म्हणून ती जबाबदारी तुमच्यावर येते. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातले ऑफर लेटर हातात आल्याशिवाय लोट्याचा राजीनामा देऊ नका. 'आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू' असे कोणी म्हणाले, तर तिथेच नकार द्यावा. मी पहिल्यांदा तसाच गेलो होतो आणि अडीच महिने बिनपगारी एका खोलीत बसून काढले होते.

उत्तर 2 : चिपळूणहून, हिशेबाचे काम करणारा

शेजारची बाग घेण्याचा हेतू आहे म्हणून हे लिहिणे मला अत्यंत आवश्यक वाटते. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन ठेवता येते, पण खरेदी करता येत नाही. म्हणजे ज्या एक एकरासाठी तुम्ही जाणार, ती तिथे असेपर्यंत तुमच्या नावावर होणारच नाही.

वडील शेतकरी खातेदार आहेत, तेव्हा तुम्ही पाठवलेल्या पैशातून ते घेऊ शकतात, आणि मुलाने वडिलांना दिलेल्या रकमेवर भेट म्हणून आयकरही लागत नाही. मात्र मग ती जमीन खरोखर वडिलांची होते. तुम्हाला बहीण असेल तर पुढे तिचाही तिच्यात हिस्सा येतो. हे आज घरात मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावरून भावंडांचे बोलणे बंद झालेली घरे मी कामानिमित्त रोज पाहतो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. नोकरीसाठी जाताना त्या आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य 182 दिवसांपेक्षा कमी असेल, तर तिथला पगार इथे करपात्र होत नाही. 1 एप्रिलपासून मोजल्यास 28 सप्टेंबरपर्यंत निघावे लागते. आणि आठ वर्षांची पेन्शन योजनेतील रक्कम काढून घेऊ नये, तिचे स्कीम सर्टिफिकेट घ्यावे. परतून पुन्हा नोकरी धरली तर ही वर्षे पेन्शनसाठीच्या दहा वर्षांच्या अटीत मोजली जातात.

उत्तर 3 : बागायतदार, रत्नागिरी तालुका

वडील झाडावर चढू शकले नाहीत, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते तुमचा प्रश्न तिथेच आहे. साठ कलमांना जुलैपासून बुंध्याभोवती आळी करणे, खते, मग मोहोराच्या फवारण्या, तुडतुडे, थ्रिप्स, माकडे, आणि मार्चपासून झेला (फळे काढायची जाळीची काठी) घेऊन काढणी असे काम बारा महिने लागते. तुम्हाला वर्षाला 30 दिवसांची रजा मिळेल. ती आंब्याला द्याल, तर गणपतीला घरी नसाल.

बाग कराराने द्यावी असे सगळेच सुचवतील. द्यावी, पण लेखी द्यावी. आमच्या शेजाऱ्यांनी तोंडी बोलीवर तीन वर्षांसाठी बाग दिली होती. करार घेणाऱ्याने कल्टारची (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या औषधाची) मात्रा झाडाचा पसारा न पाहता सरसकट वाढवून ओतली, दोन वर्षे भरघोस आंबा नेला आणि तिसऱ्या वर्षी झाडे त्यांच्या हवाली केली. ती कलमे मी पाहिली आहेत. फांद्यांच्या टोकांना बोटभर लांबीच्या पालवीचे नुसते झुबके आलेले होते. अशी झाडे सावरायला किती हंगाम जातात, हे वडील तुम्हाला सांगतील. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीपेक्षा जास्त मात्रा द्यायची नाही, हे करारात लिहून घ्या.

उत्तर 4 : गुहागर, मागे राहिलेली

माझे यजमान अकरा वर्षे कुवेतला होते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. भाऊ, तुम्ही पगार, बाग, वडिलांचे वय, एजंट, सगळे लिहिलेत. वहिनींना काय वाटते, ते मात्र कुठेच आले नाही.

आमच्या सासऱ्यांना श्रावणातल्या एका रात्री दम लागला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली होती. वाडीतल्या रिक्षावाल्याला उठवून मी त्यांना चिपळूणला नेले. एका हाताने त्यांना धरले होते, दुसऱ्या हातात मोबाईल होता, आणि यजमान तिकडून 'आता कुठपर्यंत पोचलात?' एवढेच पुन्हा पुन्हा विचारत होते. सासरे वाचले. यजमानांचा त्यात दोष नव्हता, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशानेच इस्पितळाचे बिल भरले, हेही तितकेच खरे आहे. पण त्या रात्रीनंतर घरातला प्रत्येक निर्णय माझा झाला, आणि ते परतल्यावर आम्हा दोघांनाही पुन्हा एकत्र निर्णय घ्यायला शिकावे लागले.

वहिनींचा आंबापोळीचा हंगाम आणि बागेची काढणी एकाच वेळी येते. तुम्ही नसताना गड्यांवर लक्ष ठेवायचे, तर पोळ्या कोण घालणार? त्यांचे ते उत्पन्न तुमच्या हिशेबात वजा केले आहे का? 'जाऊ का?' असे विचारू नका, त्याला बायका 'जा' असेच म्हणतात. कागद पुढे ठेवून, कोणते काम कोण करणार, हे एकेक विचारा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. गुहागरच्या ताईंनी लिहिले ते अगदी खरे निघाले. मी 'जाऊ का?' असेच विचारले होते आणि उत्तरही तेच मिळाले होते. रविवारी मी वही घेऊन बसलो, तेव्हा पत्नीने सांगितले की गेल्या उन्हाळ्यात पोळीचे तिला 64,000 रुपये सुटले. हा आकडा मला ठाऊकच नव्हता. काढणीच्या दोन महिन्यांसाठी माहितीतला गडी कायम ठेवायचा आणि त्याची मजुरी अबुधाबीच्या पगारातून द्यायची, ही तिची पहिली अट आहे. मी दोन वर्षांनी करार वाढवायचा नाही, ही दुसरी.

वडिलांशी शेजारच्या बागेबद्दल बोललो. बहिणीलाही फोन करून सगळे स्पष्ट सांगितले. तूर्त ती बाग घ्यायची नाही, आधी आहे त्या साठ कलमांना कुंपण आणि पंप करायचा, असे वडिलांचे मत पडले. एजंटाचे नाव पोर्टलवर सापडले. बेसिक 4,000 करून मिळावे, असे मी कंपनीला काल लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत लोट्याचा राजीनामा देणार नाही, आणि आठ दिवसांची मुदत त्याआधी संपली तर ती संपू देणार आहे.