रॅक मालाप्रमाणे घडवावा की माल रॅकप्रमाणे बसवावा?

चाकणकर

आमच्या चाकण येथील गोदामात वाहनांचे सुटे भाग साठवले जातात. शेजारचा गाळा लवकरच ताब्यात येत असून त्यात रॅक कसे बसवावेत यावरून आमच्याच कार्यालयात दोन तट पडले आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो. माझे मत आधीच सांगतो: मालाची मापे घेऊन, आपल्या कामासाठीच रॅक घडवून घ्यावा.

चार वर्षांपूर्वी पहिल्या गाळ्यात आम्ही पुरवठादाराने सुचवलेला नेहमीचा पॅलेट रॅक घेतला. १२०० गुणिले १००० मिलिमीटरची पॅलेट्स (माल रचून फोर्कलिफ्टने उचलायच्या सपाट फळ्या), एका खणात म्हणजे दोन खांबांच्या मध्ये दोन, त्यांना पेलणारे २३०० मिलिमीटरचे आडवे बीम आणि दोन पातळ्यांत १७०० मिलिमीटरचे अंतर. कागदावर सारे व्यवस्थित होते. प्रत्यक्षात आमची बहुतेक पॅलेट्स भरल्यावर ९५० मिलिमीटरच उंच होतात, कारण ब्रेक डिस्क आणि बेअरिंग यांचे वजन ८०० किलोपर्यंत जाते आणि त्याहून उंच थप्पी लावता येत नाही. बीमची उंची १२० आणि पॅलेट उचलण्यासाठी १०० मिलिमीटर मोकळी जागा धरली तरी ११७० मिलिमीटर पुरतात. म्हणजे प्रत्येक पातळीवर अर्धा मीटर रिकाम्या हवेचे भाडे आम्ही भरतो. साडेआठ मीटरच्या उंचीत आज एकावर एक ५ पॅलेट्स बसतात, तेथे ७ बसली असती.

याच्या अगदी उलट स्थिती बंपरची आणि सायलेन्सरच्या लांब नळ्यांची आहे. त्या पॅलेटवर मावत नाहीत, गल्लीत डोकावतात, आणि रिच ट्रक, म्हणजे उंचावरची पॅलेट्स काढणारी फोर्कलिफ्ट, वळताना त्यांना घासतो. त्यांना पुढे खांब नसलेला, नुसत्या हातांवर माल पेलणारा कँटिलिव्हर रॅकच हवा. एकाच छापाच्या रॅकमध्ये या दोन्ही गोष्टी कोंबणे मला पटत नाही.

भिवंडी_वखार

आपली चीड समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. मी भिवंडीत दुसऱ्यांचा माल सांभाळण्याचा व्यवसाय करतो. आमचा ग्राहकाशी करार बहुधा तीन वर्षांचा असतो, आणि आज ज्या गाळ्यात रंगाचे डबे आहेत तेथे उद्या पंखे किंवा पुस्तके येतात. एका ग्राहकाच्या मापाने घडवलेला रॅक दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही आणि विकायला काढला तर भंगाराच्या भावाने जातो. नेहमीच्या मापाचे खांब आणि बीम मात्र जुन्या बाजारातही सहज खपतात, आणि एखादा बीम वाकला तर त्याच जातीचा दुसरा लगेच मिळतो.

दुसरे असे की आपली तक्रार रॅकविषयी नसून त्याच्या मांडणीविषयी आहे. नेहमीच्या खांबाला दर ५० किंवा ७५ मिलिमीटरवर खाचा असतातच. बीम खाली उतरवून ११७० च्या जवळ नेता आला असता. त्यासाठी नवा रॅक घडवण्याची गरज कोठे होती?

खास बांधणीचा एक अनुभव सांगतो. बिस्किटे ठेवणाऱ्या एका ग्राहकाने जागा वाचावी म्हणून ड्राइव्ह-इन रॅक बांधून घेतला, म्हणजे फोर्कलिफ्ट रॅकच्या आतच शिरते आणि गल्ल्या जवळजवळ लागतच नाहीत. माल दाटीवाटीने बसला. परंतु अशा रॅकमध्ये शेवटी ठेवलेले पॅलेट आधी काढावे लागते, आणि बिस्किटांना तर ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढण्याचा नियम लागतो. जुना माल आत अडकू लागला आणि तो काढण्यासाठी पुढची पॅलेट्स रोज गल्लीत उतरवावी लागू लागली. दीड वर्षात त्यातील निम्मा भाग सोडवून तेथे साधा रॅक बसवला.

स्ट्रक्चरल_पुणे

या दोन मतांत माझ्यासारख्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला सर्वांत जास्त भीती वाटते ती भिवंडीकरांच्या एका वाक्याची: बीम खाली उतरवता आला असता. उतरवता येतो हे खरे आहे. तो सहज उतरतो, हीच अडचण आहे.

रॅकचा खांब पातळ पत्र्याचा असतो आणि तो चिरडून तुटत नाही, तर बाजूला वाकून कोसळतो. तो किती भार पेलेल हे दोन बीमच्या मधल्या आधाराविना उंचीवर फार अवलंबून असते. सडपातळ खांबाच्या सिद्धान्ताप्रमाणे ही उंची दुप्पट झाली की वाकण्याविरुद्धची क्षमता चौथाईवर येते. रॅकच्या एका बाजूने उघड्या असलेल्या खांबात आकडे इतके सरळ नसतात, पण घट मोठीच असते. मी एका गोदामात पाहिले आहे की उंच खोकी मावावीत म्हणून सर्वांत खालचा बीम काढून टाकला होता, वरच्या चारही पातळ्या भरलेल्या होत्या, आणि खणाच्या टोकाला लावलेला क्षमतेचा फलक जुनाच होता. तो बीम काढणाऱ्या मुलाला कोणी काही सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

चाकणकरांच्या प्रस्तावात खांबाची स्थिती सुधारते, कारण बीम जवळजवळ येतात. पण भार कोठे जातो तेही पाहा. पाचांच्या मांडणीत जमिनीवरचे पॅलेट सोडून चार पातळ्या, प्रत्येकी दोन पॅलेट्स, ८०० किलोप्रमाणे ६४०० किलो; म्हणजे आतल्या चौकटीच्या (दोन खणांमधल्या खांबांच्या जोडीच्या) प्रत्येक पायावर ३२०० किलो. सातांच्या मांडणीत तेच ४८०० किलो होतात. आधुनिक गोदामाच्या माहितीपत्रकात जमिनीची क्षमता दर चौरस मीटरला ५ टन लिहिलेली असते, ती पसरलेल्या भाराची असते. येथे पावणेपाच टनांहून अधिक भार खांबाखालच्या तळहाताएवढ्या बेस प्लेटवर येतो आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगांचे पाय तर शेजारी शेजारी असतात. तेव्हा काँक्रीटची जाडी, त्यातील लोखंडी जाळी आणि सांधे कोठे आहेत याचे नकाशे गाळामालकाकडून आधी मागवा.

आणि भूकंपाचा विचार टाळू नका. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई आणि पुणे दोन्ही तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहेत. सातव्या पातळीवरचे ८०० किलो तिसऱ्या पातळीवरच्या ८०० किलोंसारखे वागत नाहीत.

चाकणकर

जमिनीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, नकाशे मागवतो. परंतु भिवंडीकर, आपल्या बिस्किटांच्या उदाहरणाने माझेच म्हणणे बळकट होते. तेथे रॅक जागेकडे पाहून घडवला गेला, माल कोणत्या क्रमाने बाहेर पडतो याकडे पाहून नव्हे. मी सहा महिन्यांच्या आवक-जावकीच्या नोंदी काढल्या आहेत. वजनदार भाग कमी प्रकारांचे आहेत आणि पूर्ण पॅलेटनेच जातात. क्लिप, वॉशर, रबरी बूट हे शेकडो प्रकार सुटे सुटे उचलले जातात. दोघांना एकाच रॅकवर ठेवल्यामुळे दहा रुपयांच्या क्लिपसाठी रिच ट्रक थांबून राहतो.

पिकिंग_ताई

मी अशाच गोदामात सुटा माल उचलणाऱ्या १८ जणांच्या गटाची प्रमुख आहे, आणि या चर्चेत अजून माणसाच्या उंचीचा उल्लेख आलेला नाही. आमच्याकडे लहान भागांसाठी हाताने भरायचा शेल्फ रॅक अगदी मोजूनमापून बनवून घेतला, पण माप घेतले ते खोक्यांचे. सर्वांत वरचा कप्पा १९५० मिलिमीटरवर आला. माझ्या गटातील बहुतेक बायकांचा हात तेथे जेमतेम टेकतो, आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून त्या खालच्या कप्प्याच्या कडेवर पाय देऊन चढतात. मी स्वतः एकीला पडताना पाहिले आहे. मनगट मोडले आणि दोन महिने तिची मजुरी बुडाली. त्यानंतर आम्ही रोज लागणारा माल कंबर ते खांदा या पट्ट्यात आणला, वरचा कप्पा क्वचित लागणाऱ्या हलक्या मालाला दिला आणि जड खोकी गुडघ्याच्या वर ठेवली. हा बदल फुकटात झाला. रॅक घडवण्यापूर्वी मापाची टेप माणसांनाही लावली असती तर ते दोन महिने वाचले असते.

भिवंडी_वखार

ताईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण पाहा, त्यांचा प्रश्न मांडणी बदलून सुटला, रॅक बदलून नव्हे. स्वतःचा माल आणि दहा वर्षांचा भाडेकरार असेल तर चाकणकरांनी कँटिलिव्हर जरूर घ्यावा. माझ्यासारख्याने घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. आणखी एक विनंती: खास बांधणीच्या नावाखाली स्थानिक फॅब्रिकेटरकडून तयार खांबाला कोनपट्ट्या वेल्ड करून घेऊ नका. आमच्या जुन्या, मधोमध खांब असलेल्या गाळ्यात मी तसे करवले होते. पावसाळ्यानंतर वेल्डिंगजवळचा रंग पापुद्रे धरून निघाला, आत गंज होता, आणि रॅक बनवणाऱ्या कंपनीने हमी रद्द केली. त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

स्ट्रक्चरल_पुणे

वेल्डिंगविषयी सहमत आहे. रॅक कोणताही घ्या, बीमची जागा बदलायची असेल तर ती मूळ निर्मात्याला विचारूनच बदलावी आणि त्याच दिवशी क्षमतेचा फलकही बदलावा. धडक बसलेल्या खांबांसाठी एक मीटरची सरळ पट्टी जवळ ठेवा. ईएन १५६३५ या युरोपीय मानकाप्रमाणे ती खांबाला लावल्यावर बीमच्या दिशेने ५ मिलिमीटर किंवा चौकटीच्या दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर दुरुस्ती ठरवावी, आणि फट त्याच्या दुप्पट झाली असेल तर तो खण लगेच रिकामा करावा. चाकणकर, तुमच्या पहिल्या गाळ्यात बंपर घासून जाणाऱ्या रिच ट्रकविषयी वाचले तेव्हा मला त्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबांची काळजी वाटली. ते तपासले आहेत का?

चाकणकर

आज दुपारी पट्टी लावली. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खांबाला, जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटरवर, चौकटीच्या दिशेने ७ मिलिमीटरची फट आहे. दोन्ही बाजूंचे खण रिकामे करून लाल पट्टी लावली आहे आणि निर्मात्याला कळवले आहे. नव्या गाळ्याचे काम नकाशे हाती येईपर्यंत थांबवले आहे.